तेवीस किलोंत न बसलेली पुस्तकं : परदेशातला मराठी वाचक आणि ई-रीडर

आजच्या विषयाचं नाव जरा लांबलचक आहे, पण गोष्ट तुमच्या घरातली आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं, सुना, जावई बाहेर आहेत. त्यांना विमानतळावर पोचवायच्या आदल्या रात्री काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वजनकाटा काढला जातो. एका बॅगेला तेवीस किलो. शेंगाचटणी, कडक भाकरी, दोन चादरी, मुलांचे कपडे. काटा पंचवीस दाखवतो. मग काय काढायचं? चटणी निघत नाही. चादर निघत नाही. पुस्तकं निघतात.

आम्ही स्वतः काही वर्षं बाहेर राहिलो तेव्हा आमचीही अशीच निघाली होती. "एवढं काय घेऊन जाता, आता ते यंत्र मिळतंय की ओ, त्यात हजार पुस्तकं मावतात," असं सांगून घरच्यांनी ती पुन्हा कपाटात ठेवली. ते यंत्र आम्ही घेतलं, वापरलं, अजूनही वापरतो. आज आम्ही त्या यंत्राची जाहिरात करायला आलेलो नाही आणि कागदाच्या वासावर भाषण द्यायलाही आलेलो नाही. आमचा प्रश्न समीक्षेचा आहे. छापील पुस्तकाला आपण जे निकष लावतो, पाठ शुद्ध आहे का, आवृत्ती कोणती, निवड कुणी केली, ते पुढच्या माणसाच्या हाती जाणार का, तेच निकष मराठी ई-पुस्तकाला लावले तर काय दिसतं? परदेशातल्या माणसासाठी हा प्रश्न जास्त गंभीर आहे. इथे ई-पुस्तक खराब निघालं तर चार पावलांवर वाचनालय आहे. तिथे दुसरं काहीच नाही.

आधी यंत्राच्या बाजूने बोलू, कारण त्याची बाजू खरोखर मजबूत आहे.

ई-रीडरचा पडदा मोबाइलसारखा डोळ्यांत प्रकाश मारत नाही. त्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण असतात, आणि विजेच्या इशाऱ्यावर ते वर-खाली होतात. पान एकदा उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडे चालते. उन्हात वाचता येतं. अक्षर मोठं करता येतं. ही शेवटची गोष्ट साठीच्या पुढच्या माणसाला विचारा. जुन्या छपाईतला बारीक टाइप ज्यांना आता झेपत नाही, त्यांना या यंत्राने वाचन परत मिळवून दिलं आहे. सहा महिने मुलाकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांची तिथली दुपार फार लांब असते. बाहेर बर्फ, मुलं कामावर, नातवंडं शाळेत. अशा दुपारी हातात एक मराठी कादंबरी असणं ही छोटी गोष्ट नव्हे.

आता इतिहास थोडक्यात. ॲमेझॉनचा किंडल २००७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आला. मराठी पुस्तकं त्याच्या दुकानात अधिकृतपणे आली २०१६ च्या डिसेंबरमध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्या बरोबरीने. म्हणजे मधे नऊ वर्षं गेली. त्या काळात मराठी माणूस स्वस्थ बसला नव्हता. पुण्याच्या बुकगंगाने मराठी ई-पुस्तकांचं स्वतःचं दुकान आणि स्वतःचं वाचन-ॲप उभं केलं. ई साहित्य प्रतिष्ठानने मोफत पुस्तकं ई-मेलने जगभर पोचवली. मराठी विश्वकोश महाजालावर खुला झाला. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश कुणालाही फुकट पाहता येऊ लागला. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात तयार झालेला कोश सोलापूरच्या माणसाने शिकागोच्या खिडकीतून पाहायचा, हे वाटतं विचित्र, पण उपयोगी आहे.

हे सगळं मान्य करून आता तक्रारीकडे येतो.

पहिला निकष अक्षराचा.

एक साधी जोडी घ्या. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा'. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. तसंच 'दर्या' आणि 'दऱ्या'. एक समुद्र, दुसरं डोंगरांमधलं. हा फरक मराठीचा आहे, हिंदी वाचकाला त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी वेगळा 'ऱ' आहे. 'ॲ' हे अक्षर तर २००८ च्या युनिकोड आवृत्तीत आलं. म्हणजे सोय आहे. पण आपली बहुतेक पुस्तकं अनेक वर्षं युनिकोडमध्ये जुळवलीच गेली नाहीत. ती श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँट-व्यवस्थांत जुळवली गेली. त्या व्यवस्थांत संगणकाच्या लेखी ते मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं मराठी चित्र असतं. कागदावर छापलं की सुंदर दिसतं. पण त्याच फाइलचं ई-पुस्तक करायचं तर प्रत्येक चित्राचं अक्षरात रूपांतर करावं लागतं. तिथे रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षर फुटून मधे पाय मोडलेला दिसतो, आणि आचारी आचार्य होतात.

छापील पुस्तकात अशा चुका सापडल्या तर आपण काय म्हणतो? मुद्रितशोधन झालेलं नाही म्हणतो. परीक्षणात तसं लिहितो. मग ई-पुस्तकाबद्दल का लिहीत नाही? आम्ही मराठी नियतकालिकांतली परीक्षणं आवडीने वाचतो. ई-आवृत्तीच्या पाठशुद्धीवर दोन ओळी लिहिलेलं परीक्षण आमच्या वाचनात आलेलं नाही. 'फुकट मिळतंय', 'स्वस्त मिळतंय', 'मिळतंय हेच नशीब' अशा समजुतीने आपण गप्प बसतो. परदेशातला वाचक तर जास्तच गप्प बसतो. त्याला वाटतं, तक्रार केली तर हेही बंद होईल.

याच निकषात दुसरी एक गोष्ट येते, पीडीएफची. आपल्याकडे पुष्कळ 'ई-पुस्तकं' म्हणजे प्रत्यक्षात छापील पानाचा फोटो किंवा पीडीएफ असते. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर ती चालते. सहा इंची रीडरवर ते पान पोस्टकार्डाएवढं होतं, अक्षर मुंगीएवढं. मोठं करायला गेलं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते. डावीकडे सरका, उजवीकडे सरका. ज्या आजोबांसाठी हे यंत्र घेतलं त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. मोफत देणाऱ्यांच्या कळकळीला आमचा नमस्कार आहे, त्यांनी मराठी वाचन घरोघरी नेलं. पण पानाचा फोटो आणि ई-पुस्तक या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आणि शब्दकोश. इंग्रजी कादंबरी वाचताना शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो. तिथे वाढणाऱ्या मुलांना मराठी वाचताना याची फार गरज असते. पण मराठी शब्द वाक्यात मूळ रूपात बसत नाही. 'माणूस' पुस्तकात 'माणसाला', 'माणसांतून', 'माणसाशीसुद्धा' असा येतो. यंत्राला आधी सामान्यरूप ओळखून मूळ शब्दाकडे जाता आलं पाहिजे, तरच कोश उघडेल. हे काम अवघड आहे, अशक्य नाही. पण ते करून घ्यायला मागणी लागते, आणि आपण मागतच नाही.

दुसरा निकष आवृत्तीचा.

साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे २०११ पासून 'श्यामची आई' भारतात कुणीही छापू शकतो, कुणीही तिचं ई-पुस्तक करू शकतो, आणि करतातही. हे चांगलंच आहे. पण परदेशातली एक आई मुलाला वाचून दाखवण्यासाठी ते शोधते, तेव्हा तिच्यासमोर सारख्या नावाची अनेक मुखपृष्ठं येतात. यातलं पूर्ण कोणतं? संक्षिप्त कोणतं? कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतलं? मुद्रितं कुणी तपासली? छापील पुस्तकात एक पान असतं, आपण ते सहसा वाचत नाही : पहिली आवृत्ती, पुनर्मुद्रण, मुद्रक, प्रकाशकाचा पत्ता. ते पान म्हणजे पुस्तकाचा जन्मदाखला. अनेक ई-पुस्तकांत ते पान नसतं, किंवा असतं ते फक्त ई-आवृत्ती विकणाऱ्याचं.

यावर कुणी म्हणेल, सामान्य वाचकाला जन्मदाखल्याशी काय करायचंय? त्याला गोष्ट हवी. बरोबर. पण सामान्य वाचकाचा विश्वास कुणीतरी सांभाळायचा असतो. इथे तो ग्रंथपाल सांभाळतो, दुकानदार सांभाळतो, शाळेतले गुरुजी सांभाळतात. "ती आवृत्ती घेऊ नका, त्यात दोन प्रकरणं गाळली आहेत," असं सांगणारं माणूस असतं. यंत्राच्या दुकानात ताऱ्यांची संख्या असते. तारे पुस्तकाला दिलेत की बांधणीला की उशिरा पोचलेल्या डब्याला, ते कळायला मार्ग नसतो.

तिसरा निकष निवडीचा, आणि इथे सोलापूर येतं.

बाहेर असताना एका रात्री आम्ही एका ई-दुकानात सोलापूरच्या तीन लेखकांची नावं टाकून पाहिली. दुकानाचं नाव सांगत नाही, ते एकट्याचं पाप नाही. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'काही सापडलं नाही', आणि त्याखाली यश कसं मिळवावं याची भाषांतरित पुस्तकं. त्या रात्री आम्हाला पहिल्यांदा नीट कळलं की आपल्या हातात हजार पुस्तकांचं यंत्र आहे, पण आपल्या गावाचं कपाट त्यात नाही.

सोलापूरचं कपाट म्हणजे काय? बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, ज्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. शाहीर रामजोशी. त्र्यं. वि. सरदेशमुख, ज्यांच्या 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लक्ष्मीनारायण बोल्ली, घरात तेलुगू आणि लेखणीत मराठी घेऊन जगलेले. १९३० च्या मार्शल लॉवर आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवर गावातल्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तिका. यातली काही पुस्तकं मोठ्या प्रकाशकांची आहेत, ती आज ना उद्या सगळीकडे येतील. पण पुस्तिका, स्मरणिका, गावच्या प्रकाशकाने काढलेल्या पाचशे-हजार प्रती? त्या संपल्या की संपल्या.

आता गंमत बघा. ई-पुस्तकाची खरी गरज कुणाला आहे? जे पुस्तक सगळीकडे मिळतं त्याला नाही. जे पुस्तक छापून संपलं, ज्याचा वाचक पाच देशांत विखुरलेला आहे, ज्याची दुसरी आवृत्ती काढणं प्रकाशकाला परवडत नाही, त्याला. ई-पुस्तकाला कागद लागत नाही, गोदाम लागत नाही. म्हणजे हे तंत्र नेमकं लहान गावाच्या लहान पुस्तकासाठी जन्मलेलं आहे. आणि आपण ते वापरतो कशाला, तर जे आधीच ढिगाने छापलं जातं तेच पुन्हा विकायला. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. यंत्राने आपल्याला कमी दिलं असं नाही. आपण त्यात काय ठेवलं हा प्रश्न आहे.

चौथा निकष : पुस्तक पुढे जातं का?

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम तुम्ही ऐकला असेल. विनायक रानडे यांनी तो २००९ मध्ये सुरू केला. पंचवीस पुस्तकांची एक पेटी, ती एका वाचक-गटाकडे द्यायची, काही महिन्यांनी गटागटांत अदलाबदल करायची. या पेट्या दुबईला गेल्या, नेदरलँड्सला गेल्या, टोकियोला गेल्या. आता व्यवहाराच्या नजरेने बघितलं तर हा वेडेपणा वाटेल. हजार पुस्तकं खिशात मावत असताना पंचवीस पुस्तकांची पेटी समुद्रापार कशाला पाठवायची?

कारण पेटी कुणाच्या तरी घरी असते. पुस्तक बदलायला त्या घरी जावं लागतं. चहा होतो. "हे मी वाचलं, तुम्ही हे न्या," असं बोलणं होतं. सोबत आलेलं मूल पेटीत हात घालतं, चित्राचं पुस्तक काढतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. ही मंडळं इतकी वर्षं टिकली ती गणपती-दिवाळीवर, तशीच या देवाणघेवाणीवर. ई-रीडरवर वाचणारा माणूस वाचतो भरपूर, पण एकटा वाचतो. त्याने काय वाचलं हे त्याच्या बायकोला कळत नाही, शेजारच्या मराठी घराला तर नाहीच. घरातल्या मुलाच्या लेखी बाबा पडद्याकडे बघत बसलेत, बस. मराठी पुस्तक नावाची वस्तू त्याने पाहिलेलीच नसते.

आणि दिलं जाण्याविषयी. बहुतेक ई-दुकानांच्या अटींत लिहिलेलं असतं की तुम्ही पुस्तक विकत घेत नाही, वाचण्याचा परवाना घेता, आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. आपण 'मान्य' वर टिचकी मारतो. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परत काढून घेतली होती, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पुस्तक कोणतं होतं? जॉर्ज ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर'. २०२५ च्या २६ फेब्रुवारीपासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोयही बंद झाली. उलट बाजूने, कॅलिफोर्नियात २०२५ च्या जानेवारीपासून असा कायदा लागू झाला, की परवाना विकत असाल तर 'खरेदी' म्हणताना तो परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. म्हणजे तिथल्या सरकारलाही वाटलं की लोक फसताहेत.

आमच्या घरी एक पुस्तक आहे. पहिल्या पानावर निळ्या शाईत आजोबांचं अक्षर : 'वार्षिक परीक्षेत पास झाल्याबद्दल.' ते वडिलांना मिळालं, वडिलांकडून आम्हाला. ते चाळताना मधे एका पानाला हळदीचा डाग आहे, तो आजीचा. आमच्या रीडरमध्ये आज साडेतीनशे पुस्तकं आहेत. आम्ही गेल्यावर त्यातलं एकही कायदेशीरपणे कुणाला मिळणार नाही. आमचं खातं बंद होईल, एवढंच. साडेतीनशे पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या घरात वाचनाची एकही खूण उरणार नाही. सोलापूरहून गेलेल्या माणसाच्या नातवाला मराठी येईल की नाही, माहीत नाही. पण कपाटात पुस्तक असेल तर एक दिवस तो विचारेल तरी, की हे काय लिहिलंय. बंद खात्याला कुणी काही विचारत नाही.

(सभागृहातून प्रश्न : मग काय, यंत्र वापरायचं नाही का?)

नाही नाही, वापरायचं. आम्हीच वापरतो म्हटलं ना. पण वाचक म्हणून वापरायचं, नुसतं गिऱ्हाईक म्हणून नाही. चार गोष्टी सांगतो, चारही करण्यासारख्या आहेत.

एक, चूक दिसली की कळवायची. प्रकाशकाला लिहायचं : अमुक पुस्तक, अमुक प्रकरण, अमुक शब्द फुटलाय. ई-पुस्तकाची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबत नाही, फाइल बदलली की झालं. हा छापील पुस्तकाला नसलेला फायदा आहे, तो आपण वापरतच नाही. आणि जे परीक्षणं लिहितात त्यांनी ई-आवृत्तीवर दोन ओळी लिहाव्यात.

दोन, जिथे कुलूप नसलेली ई-पब फाइल मिळते तिथून आधी घ्यावी. ती बहुतेक रीडरांवर चालते, तिची प्रत घरच्या संगणकावर ठेवता येते, आणि यंत्र बदललं तरी पुस्तक राहतं.

तीन, हे सोलापूरसाठी. ज्यांच्या घरी गावच्या लेखकांची जुनी पुस्तकं आहेत, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. लेखकाच्या वारसांची परवानगी घेऊन, नीट युनिकोडमध्ये जुळवून, मुद्रितं तपासून वर्षाला पाच पुस्तकं जरी झाली तरी दहा वर्षांत पन्नास होतात. जुळवणीचं काम करायला आपल्या महाविद्यालयांतली मुलं आहेत, मुद्रितं तपासायला निवृत्त शिक्षक आहेत. प्रत्येकाला जन्मदाखल्याचं पान असावं : कोणत्या छापील प्रतीवरून घेतलं, कुणी तपासलं, कोणत्या तारखेला.

चार, बॅगेत एक पुस्तक ठेवायचंच. एकच. बाकीची यंत्रात असू देत. पण एक कागदाचं, पहिल्या पानावर कुणाच्या तरी हाताने नाव आणि तारीख लिहिलेलं. पुस्तकाचं वजन साधारण तीनशे ग्रॅम असतं. चटणीची एक पुडी कमी केली की बसतं.

आता चटणी कमी करा म्हटल्यावर सोलापुरात टाळ्या पडणार नाहीत, याची आम्हाला कल्पना आहे. पण घरी जाऊन एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा.